'स्मृतिचित्रां'तील कृतज्ञभाव

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा उगम गोमंतकात झाला, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते आणि तो अभिमान अस्थानी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जुनी पुराणे हातांतून गेलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच छंदात काही श्रवणीय मिळावे, हा त्या ग्रंथाचा हेतू होता. असे असूनही एक प्रश्न उरतोच. संकटात सापडलेल्या ख्रिस्ती माणसाने देवाचे आभार कसे मानावेत, हे 'ख्रिस्तपुराण' सांगते. पण अशा माणसाने ते मराठीत प्रत्यक्ष कसे मानले, हे कोठे पाहावयास मिळते? पुराणकार उपदेशकाच्या आसनावरून बोलतो. श्रोत्याच्या मुखातून काय बाहेर पडले, ते समजण्यास दुसरा ग्रंथ हवा. तो ग्रंथ लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हा होय, आणि त्यातील कृतज्ञभावाचे स्वरूप आपल्या समीक्षेने अद्याप नीटसे न्याहाळलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम 'ख्रिस्तपुराणा'विषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढील तुलनेला त्याचा उपयोग आहे. या ग्रंथाचे भाग्य मोठे विचित्र. ज्या भूमीत तो जन्मला, तेथेच पुढे त्याच्या भाषेवर गदा आली. १६८४ साली पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी लोकभाषेचा वापर बंद पाडण्याचा हुकूम काढला. ग्रंथ जगला तो दक्षिणेस, कानडा जिल्ह्यात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी. टिपू सुलतानाने १७८४ साली या लोकांना पकडून श्रीरंगपट्टणास नेले आणि १७९९ साली टिपूचा पाडाव होईपर्यंत त्यांचा बंदिवास संपला नाही. त्या काळात 'ख्रिस्तपुराणा'च्या ओव्यांनी आपल्या पूर्वजांना धीर दिला, असे तेथील परंपरा सांगते. मंगळूरलाच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या परिश्रमाने तो देवनागरीत अवतरला. दुःखात आधार देणारे काव्य म्हणून 'ख्रिस्तपुराणा'ची थोरवी यावरून सिद्ध होते. परंतु त्या बंदिवानांपैकी कोणाचा शब्द मराठीत आपल्यापर्यंत पोचलेला नाही. आधार देणारी वाणी आपण ऐकतो. आधार घेणाऱ्याची ऐकत नाही.

ही उणीव भरून निघण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र १८८८ सालचे. त्यात धर्मांतराची कथा आहे, घरादाराशी झालेली ताटातूट आहे. पण बाबांचे मन मूलतः वादपटूचे असल्यामुळे त्यांच्या लेखनात संकटापेक्षा शंका आणि कृतज्ञतेपेक्षा निर्णय यांनाच अधिक जागा मिळाली. पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून वेगळे आहे. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण डोळ्यांदेखत गेलेली. पुढे भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पती गेला. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या या विदुषीने १९०७ साली इंग्रजीत जे आत्मनिवेदन लिहिले, त्याच्या नावातच न सरणाऱ्या भांडाराची साक्ष आहे. स्वतः दुष्काळात पोळलेल्या रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळपीडित मुलींना शेकड्यांनी आश्रय दिला आणि प्रत्येक दिवसाचे अन्न देवाकडून आले अशी नोंद ठेवली. ही कृतज्ञता ज्वलंत आहे. मात्र तिचा कटाक्ष मिळालेल्या दानावर आणि दात्यावर आहे. जे गमावले, त्याचा उच्चार साक्षीच्या ओघात मागे पडतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट आणखी निराळी. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत असत, आणि त्यांचे अभंग वाचणाऱ्यास ते पटते. तुकोबांनी दुष्काळ, दिवाळे, बायकोचे मरण आणि जनातील अपमान या सर्वांबद्दल देवाचे उलट आभारच मानले आहेत. संसार विटला म्हणून विठ्ठल भेटला, असा त्यांचा हिशेब आहे. दुःखालाच उपकार मानण्याची ही रीत मराठी मनाच्या परिचयाची आहे. टिळकांनी ती ख्रिस्तभक्तीत आणली. घरदार, जात, मान या सर्वांचा त्याग करणाऱ्या पुरुषाला ती शोभलीही. पण ज्याने त्याग केला त्याने त्यागाचे आभार मानणे ही एक गोष्ट, आणि ज्याच्यावर तो त्याग येऊन कोसळला त्याने ते मानणे ही दुसरी गोष्ट. हा भेद टिळकांच्या अभंगांत येऊ शकत नव्हता. तो त्यांच्या पत्नीच्या गद्यात आला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातला. सासऱ्यांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाल्यानंतर त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने जे घर केले, त्याने साऱ्या कुटुंबाचे जिणे व्यापून टाकले होते. अशा घरातील मुलगी १८८० साली टिळकांच्या घरी आली. नवरा कवी, मनस्वी, लहरी; न सांगता घर सोडून जाणारा, मिळालेला पैसा दुसऱ्याच्या हातावर ठेवणारा. काही अपत्ये लहानपणीच गेली. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि ती वार्ता ऐकताच लक्ष्मीबाईंचे जग कोसळले. त्यानंतरची काही वर्षे लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी माहेरच्या माणसांच्या आश्रयाने, बराच काळ पंढरपुरात काढली. पुढे त्या टिळकांकडे अहमदनगरास आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. ख्रिस्ती वस्तीत राहूनही त्यांचे सोवळे आणि स्वयंपाक वेगळाच होता. बाप्तिस्मा १९०० साली झाला. टिळक १९१९ च्या मे महिन्यात वारले, आणि लक्ष्मीबाई १९३६ च्या फेब्रुवारीत. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली आणि शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर निघाला.

हा ग्रंथ मराठीतील उत्तम आत्मचरित्रांपैकी एक होय, याविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो त्याच्या अर्थाविषयी, आणि तो दोन इंग्रजी भाषांतरांच्या नावांवरूनही दिसतो. १९५० साली जोसेफिन इंकस्टर यांनी केलेल्या भाषांतरास 'मी मागोमाग येते' अशा अर्थाचे, पौलाच्या पत्राची आठवण करून देणारे नाव दिले गेले. २०१७ साली शांता गोखले यांनी जे भाषांतर केले, त्याच्या उपशीर्षकात एका तेजस्वी, हार न मानणाऱ्या पत्नीच्या आठवणी असा निर्देश आहे. पहिल्या नावात ग्रंथ ही साक्ष आहे: पती पुढे गेला, पत्नी मागून आली, आणि दोघेही एकाच प्रभूच्या मागे होते. दुसऱ्यात तो एका स्त्रीच्या स्वत्वाचा इतिहास आहे. आपल्याकडील वाचकवर्गही साधारणपणे असाच दुभंगलेला आहे. ख्रिस्ती मंडळीत 'स्मृतिचित्रां'तील हालअपेष्टा या श्रद्धेकडे नेणाऱ्या पायऱ्या म्हणून वाचल्या जातात. शाळा-महाविद्यालयांत त्यांतला विनोद आणि प्रांजळपणा तेवढा वाखाणला जातो, आणि धर्म हा जणू कथेतील एक योगायोग म्हणून बाजूला राहतो.

दोन्ही वाचनांत तथ्य आहे. पण दोन्ही अपुरी आहेत, असे आम्हांस वाटते. या ग्रंथातील दुःखे पायऱ्यांसारखी रचलेली नाहीत. पायरी चढून गेल्यावर ती पायाखाली राहते. लक्ष्मीबाईंची दुःखे त्यांच्या पायाखाली जात नाहीत. पतीने विश्वासात न घेता धर्म बदलला, ही गोष्ट पुढे स्वतः त्याच धर्मात आल्यावरही त्या योग्य ठरवीत नाहीत. ताटातुटीच्या वर्षांत एका परित्यक्तेसारख्या जगणाऱ्या बाईच्या मनाचे काय झाले, ते त्या नंतरच्या सुखाने पुसून टाकीत नाहीत. 'देवाने सारे बऱ्यासाठीच केले' हे वाक्य ज्या ज्या ठिकाणी येईल अशी भक्तिपर आत्मचरित्राच्या वाचकास अपेक्षा असते, त्या त्या ठिकाणी त्या एखादी घरगुती हकीकत सांगून मोकळ्या होतात. याला कोणी श्रद्धेचा अभाव म्हणेल. आमचे म्हणणे नेमके उलट आहे.

'कृतज्ञ' या शब्दाची फोड येथे उपयोगी पडेल. कृत म्हणजे केलेले, ते जाणणारा तो कृतज्ञ. व्यवहारात आपण केवळ उपकारच जाणणे असा त्याचा संकोच केला. तो रूढ झाला आणि त्यात वावगे काही नाही. परंतु केलेले सारे जाणणे हा मूळ धातूतील भाव लक्षात घेतला, तर 'स्मृतिचित्रे' हे नावच कृतज्ञतेचे वाटू लागते. लक्ष्मीबाई आठवतात त्या दोन्ही गोष्टी: टिळकांनी केलेला अन्याय आणि टिळकांनी लावलेला जीव. पहिली विसरून त्या दुसरीचे आभार मानीत नाहीत, आणि दुसरी झाकून पहिलीचा पाढाही वाचीत नाहीत. टिळक रागावून निघून गेले, मग परत आले. भांडण झाले, मग दोघेही हसली. हसण्याने भांडण खोटे ठरत नाही आणि भांडणाने हसणे खोटे ठरत नाही. ज्या माणसाने आपल्याला दुखावले त्याच्याकडून मिळालेलेही मिळालेलेच, हे मान्य करण्यास मन फार मोठे असावे लागते. क्षमेचा उपदेश ऐकून ते येत नाही. पुष्कळ वर्षे एका घरात राहून येते.

या दृष्टीने पाहिले असता 'स्मृतिचित्रां'तील विनोदाचाही अर्थ बदलतो. तो दुःखाला लावलेला मुलामा नव्हे. अहमदनगरच्या ख्रिस्ती वस्तीत आपले सोवळे सांभाळण्याची लक्ष्मीबाईंची जी धडपड चाले, तिचे वर्णन त्यांनी स्वतःलाच हास्यविषय करून केले आहे. वडिलांच्या सोवळ्याने आपल्या आईचे व भावंडांचे जे हाल झाले, ते ज्यांनी बालपणी पाहिले, त्याच लक्ष्मीबाई प्रौढपणी त्याच सोवळ्याला चिकटून राहिल्या, ही विसंगती त्या लपवीत नाहीत. पुढे जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी विचारला आणि स्वतःच सोडविला. बाप्तिस्म्याच्या आधीच त्यांच्या मनातील विटाळाची भिंत पडली होती. हा पालट सांगताना त्यांना दैवी प्रकाशाचा झोत दिसत नाही की आकाशवाणी ऐकू येत नाही. स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी, एक बाई विचार करते आणि तिला स्वतःचेच हसू येते. या हसण्यात सुटकेचा आनंद आहे. श्रद्धेचा पहिला अनुभव आभारापेक्षाही सुटकेचा असतो, हे एरवी मोठमोठ्या साक्षींतून निसटणारे सत्य येथे किती सहज हाती लागते!

दुसरे उदाहरण घरात वाढलेल्या परक्या मुलांचे. टिळक वाटेवरची अनाथ मुले आणीत. आणणे त्यांचे आणि सांभाळणे लक्ष्मीबाईंचे. नकुशीसारखी, नावापासूनच नकोशी ठरलेली मुलगी या घरात येते, तेव्हा लक्ष्मीबाई प्रथमदर्शनीच वात्सल्याने विरघळल्या असा आव त्या आणीत नाहीत. पैशाची ओढाताण, माणसांचा राबता, कामाचा डोंगर हे सारे जसेच्या तसे सांगितलेले आहे. बालकवी ठोंबरे याच घरात मुलासारखे राहिले. त्यांचे रुसवेफुगवे, त्यांचे बालिश हट्ट लक्ष्मीबाई अशा जिव्हाळ्याने सांगतात, की १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचा झालेला अंत वाचकाच्याही घरातला मृत्यू होऊन बसतो. येथे देवाचे आभार मानणारे वाक्य शोधू गेल्यास बहुधा निराशा होईल. पण ज्या बारकाईने एकेका माणसाची सवय, बोलणे, खोड जपून ठेवलेली आहे, ती बारकाई निष्काळजी मनाला साधत नाही. मिळालेली माणसे दान होती, हे ज्याला कळले तोच त्यांना असे आठवतो. कृतज्ञता या ग्रंथात विधानरूपाने थोडी आणि तपशीलरूपाने विपुल आहे. आणि वाङ्मयात तपशील हीच खरी साक्ष होय.

यावर एक आक्षेप संभवतो. कोणी म्हणेल, हे सारे मानवी सहनशीलतेचे आणि मायेचे गुण झाले; यात ख्रिस्ती असे काय आहे? अशाच सोशिक आणि हसतमुख बायका मराठी घराघरांत झाल्या. आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर आमच्या मते असे, की सोशिकपणा आणि ही कृतज्ञता यांत एक ठळक अंतर आहे. सोशिक स्त्री बोलत नाही, लक्ष्मीबाई बोलल्या. झालेले सारे उघड सांगितले तरी नाते तुटत नाही, असा विश्वास असल्याशिवाय असे बोलता येत नाही. पापकबुली आणि क्षमा यांवर उभ्या असलेल्या धर्माने त्यांना हा विश्वास दिला, असे म्हणण्यास जागा आहे. स्वतःच्या चुका, भित्रेपणा, वेडगळ समजुती त्या ज्या निर्भयपणे चारचौघांत मांडतात, त्या निर्भयपणात कबुलीचा संस्कार आम्हांस दिसतो. ज्यांना तो दिसणार नाही त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही; पण निदान प्रश्न विचारल्यावाचून ग्रंथ मिटू नये.

ग्रंथाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. धर्मांतराच्या क्षणाचे चित्रण, वाचकाच्या उत्कंठेच्या मानाने, फार त्रोटक आहे. प्रार्थनेचे खाजगी जीवन तर जवळजवळ झाकलेलेच राहते. शेवटचा भाग विस्कळीत आहे. टिळकांच्या पश्चात कथेचा कणा गेल्यासारखा होतो आणि प्रसंग सुटे सुटे पडतात. लक्ष्मीबाईंची उघड भक्ती पाहावयाची तर 'ख्रिस्तायना'कडे वळावे लागते. टिळकांनी आरंभिलेले आणि अपुरे राहिलेले ते काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले; ते त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रकाशित झाले. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर झाली, तिने पतीचे महाकाव्य पूर्ण करावे, ही घटना कोणत्याही स्तुतीपेक्षा मोठी आहे. तरीही वाङ्मय म्हणून पाहता 'ख्रिस्तायना'त त्या पुराणकाराच्या आसनावर बसतात आणि त्यांचा स्वतःचा आवाज पुष्कळदा परंपरेच्या आवाजात मिसळून जातो. तीनशे वर्षांपूर्वी राचोलला स्टीफन्सनी घातलेल्या मार्गाचेच ते एक दूरचे वळण आहे. 'स्मृतिचित्रे' मात्र त्या मार्गावर नाहीत. ती ऐकणाऱ्याच्या जागेवरून लिहिलेली आहेत.

म्हणूनच या ग्रंथाचा विचार गोमंतकातही व्हावयास हवा. आपल्याकडे ख्रिस्ती प्रार्थना प्रामुख्याने कोकणीत होते आणि मराठी ही पुराणवाचनाची, भजनाची भाषा मानली जाते. डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आल्यामुळे येथील देवळांतून आणि घरांतून मराठीचा हा प्रवाह अखंड राहिला. ख्रिस्ती माणसाचे सुखदुःख मराठीत ऐकण्याची सवय मात्र या भागास फारशी नाही. डिचोली तालुक्यातील पाळी हे खाणींच्या पट्ट्यातील गाव. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली गोव्यातील खाणी थांबल्या, तेव्हा या पट्ट्यातील घरांना मिळकतीची शाश्वती म्हणजे काय आणि तिचा अभाव म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकण्याची गरज उरली नाही. अशा गावच्या शाळेत शिक्षक 'स्मृतिचित्रां'तील एखादा उतारा शिकवावयास घेतात, तेव्हा त्यांच्यापुढे सोपे मार्ग दोन असतात. मुलांना हसवून तास संपवावा, किंवा संकटे माणसाला घडवितात हे सुभाषित फळ्यावर लिहावे.

तिसरा मार्ग अवघड आहे, पण लक्ष्मीबाईंना न्याय देणारा तोच आहे. संकट हे संकटच होते, अन्याय हा अन्यायच होता, असे मुलांसमोर स्पष्ट म्हणावे. आणि मग त्या दिवसांत कोणी पाणी दिले, कोणी पत्र धाडले, कोणाचे मूल कोणी सांभाळले, हे ग्रंथातून एकेक करून शोधावयास सांगावे. ख्रिस्ती मुलास त्यात आपला देव दिसेल, दुसऱ्यास माणसे दिसतील. दोघांनाही वाचता आले पाहिजे असा हा ग्रंथ आहे. ज्या मुलाच्या घरी नुकतीच चणचण येऊन गेली आहे, त्याला 'झाले ते बरेच झाले' असे सांगण्याचा अधिकार शिक्षकास नाही. लक्ष्मीबाईंनी तो अधिकार स्वतःच्या दुःखाविषयीही घेतला नाही.